तुम्ही न पाहिलेली फिल्म

रियाधमध्ये मराठी माणसं कुणाच्या घरी जेवायला जमली की एखादं नवीन जोडपं बाईंना हमखास विचारायचं, "तुम्ही काय करता?"

"डॉक्युमेंटरी फिल्मची प्रोड्यूसर आहे."

"अरे वा! कुठली फिल्म?"

बाई पानातली कोशिंबीर संपवत म्हणायच्या, "तुम्ही न पाहिलेली."

त्यांच्या बोलण्यात खोच नसायची. जे होतं ते त्या सांगत होत्या. त्यांनी इतक्या फिल्म केल्या, पण मला भेटलेल्यांपैकी एकानंही त्यातली एक पाहिलेली नव्हती. मिरजेच्या एका हॉस्पिटलच्या धोबीघाटावर एक, विहिरी खणणाऱ्यांवर एक, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्यावर एक. स्वतःच पैसे उभे करायचे, स्वतःच माणसं जमवायची आणि शेवटी कुठल्यातरी सभागृहात खुर्च्याही स्वतःच मांडायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, स्वतंत्र निर्माती म्हणजे नेमकं काय हो?"

"कुणीही मागितलेली नसते, ती स्वतंत्र फिल्म," त्या म्हणाल्या. "आणि ती काढते ती निर्माती."

माझा जन्म दम्मामचा. वडील मूळचे रत्नागिरीकडचे, बंदरात जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका पेढीत होते. घरात आमची कोकणी मराठी, शाळेत इंग्रजी, बसमध्ये हिंदी आणि गल्लीतल्या पोरींबरोबर अरबी. एवढ्या भाषा एका तोंडात सापडल्या म्हणून रियाधच्या एका कंपनीनं मला नोकरी दिली. ऑफिसांच्या, हॉस्पिटलांच्या, समारंभांच्या फिल्म आम्ही करायचो. मी आवाज रेकॉर्ड करायची आणि दुभाष्याचं कामही माझ्याकडेच असायचं.

बाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या अल खर्जच्या एका डेअरीच्या फिल्मसाठी. काळ्या पायघोळ अबायाच्या आत पुरुषी शर्ट, त्याला पुढे चार खिसे, आणि खिशांत बॅटऱ्या, लेन्स पुसायचं फडकं, आवळासुपारी. मी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम दुकानात म्हणतात. बाई म्हण."

डेअरीच्या मॅनेजरला ड्रोन हवा होता. वाळवंटात पांढऱ्या छपरांच्या रांगा आणि त्यावरून तरंगत जाणारा कॅमेरा. ड्रोनवाला तयार होऊन बसलाही होता. बाई म्हणाल्या, "वरून बघायला देव आहे. आपण खालून बघू." आणि गोठ्यात जाऊन एका गाईसमोर स्टूल टाकून बसल्या. ती गाय नुकतीच व्यायली होती. वासरू लगेच दुसरीकडे नेतात, तसं नेलं होतं. जिथे ते पडलं होतं ती जमीन गाय हुंगत होती. बाईंनी सकाळभर तेवढंच शूट केलं.

मॅनेजर तीनदा येऊन गेला. चौथ्यांदा त्यानं मला अरबीत काहीतरी सुनावलं. मी बाईंना सांगितलं, "ते विचारतायत, अजून किती वेळ लागेल."

बाईंनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला. "त्याच्या तोंडावर जे होतं ते तुझ्या वाक्यात नाहीये. काय म्हणाला?"

मी खाली बघत म्हटलं, "म्हणाला, ही म्हातारी इथे झोपायला आलीय का? गाय दूध कधी देणार ते दाखवा म्हणावं."

बाई खूश झाल्या. "बघ, हे कामाचं. मऊ करून सांगायचं असेल तर लग्नाच्या सीड्या काढ. माझ्याबरोबर असलीस तर जसंच्या तसं सांगायचं. आणि त्याला सांग, दूध वासरू नेल्यावर देते."

मी जसंच्या तसं सांगितलं. पुढे ती फिल्म ड्रोननंच पुरी झाली आणि बाईंनी आपलं नाव काढून घेतलं. त्या कामात आमची गट्टी मात्र जमली.

त्यांचे नियम विचित्र होते आणि त्यात सूट नव्हती. कुणालाही वाक्य परत म्हणायला लावायचं नाही. "दुसऱ्यांदा म्हटलं की ते नाटक." पहिला प्रश्न आपण विचारायचा नाही. समोरचा विचारेपर्यंत गप्प बसायचं, त्याला आठवडा लागला तरी. एकदा सुरू केलेला कॅमेरा कुणी रडलं म्हणून बंद करायचा नाही. आणि कुणाच्या घरी गेलं की स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी हातात घ्यायचं. बाई भेंडी चिरायच्या. जिथे जातील तिथे, अरब घरांतसुद्धा, पिशवीतून भेंडी काढून चिरायला बसायच्या आणि निघताना ती तिथेच ठेवून यायच्या. "रिकाम्या हाताच्या माणसाशी कोण बोलतं?" म्हणायच्या.

त्यांचे यजमान रियाधच्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. फार शांत गृहस्थ. बाई त्यांच्याच इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, इथे राहत होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. फावल्या वेळात डॉक्टर लोकर विणत आणि त्या लोकरीच्या पिशव्यांत बाईंच्या हार्ड डिस्क ठेवलेल्या असत, कपाटात ओळीनं, झोपवल्यासारख्या.

त्या डॉक्टरांमुळेच उम्म सालेह आमच्या आयुष्यात आल्या.

त्यांच्या कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन होतं. ऐंशीच्या पुढचं वय, सौदी बाई, जुन्या व्यापारी घराण्यातल्या. भूल उतरताना त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "मना पानी दे गो."

डॉक्टरांना आधी वाटलं आपल्याला भास झाला. ते वाकून म्हणाले, "पाणी अजून द्यायचं नाही, आजी." म्हातारीनं त्यांचा हात घट्ट पकडला आणि विचारलं, "तू कोनाचा?"

बाहेर मुलगा बसला होता, सालेह; उम्म सालेह म्हणजे सालेहची आई. पन्नाशीचा, एका बांधकाम कंपनीत इंजिनियर. आपल्या आईला मराठी येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. आजोबा मुंबईत मोत्यांचा आणि नंतर तांदळाचा व्यापार करायचे, आई तिथेच जन्मली, लग्नाच्या वयाची झाल्यावर बोटीनं परत आणली, एवढंच त्यानं ऐकलं होतं. मुंबईबद्दल आई कधी बोलली नव्हती. त्यानंच डॉक्टरांना विनवलं, "तुमच्या घरात कुणी बाईमाणूस असेल तर आईशी बोलायला येईल का?"

बाई गेल्या, मला घेऊन. पिशवीत भेंडी होतीच.

उम्म सालेहचं मराठी तिला सांभाळणाऱ्या कोकणातल्या आयेचं होतं, आणि ते बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं होऊन तिथेच थांबलं होतं. सगळ्यांना अरे-तुरे. ऐंशी वर्षांची ती बाई आम्हाला म्हणायची, "आधी पाय धू. मग बस." कधी म्हणायची, "उष्टा टाकू नको, आया मारील." माझ्या आजीच्या तोंडची भाषा रियाधच्या त्या संगमरवरी दिवाणखान्यात ऐकून मी पहिल्या दिवशी खरोखर उठून पाय धुवून आले. बाई मिरजेच्या, त्यांना काही शब्द अडायचे. त्या मला विचारायच्या आणि मी सांगायची. मग तेच सालेहला अरबीत सांगायची. तो दारातल्या खुर्चीवर बसून लहान मुलासारखा ऐकायचा. आईनं मुंबईत कैऱ्या चोरल्या होत्या हे ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"माझ्या आईला बालपण होतं," तो म्हणाला. "मला वाटायचं ती आई म्हणूनच जन्मली."

फिल्मचा विषय त्यानंच काढला. उम्म सालेह म्हणाली, "काढ. पन तोंड नको. हात काढ." म्हणून आम्ही हात काढले. मेंदी लावलेली बोटं, दल्ला म्हणजे कॉफीची चोचदार किटली धरणारी, खजुराची बी काढणारी, चादरीवर मुंबईतल्या घराचा नकाशा काढणारी. वर तिचा आवाज. बाई तेव्हा जितक्या आनंदात होत्या तितक्या मी त्यांना पुन्हा पाहिल्या नाहीत. परतताना गाडीत म्हणायच्या, "अगं, आयुष्यभर ज्या फिल्मची तयारी केली ती ही." त्यांनी थोडा भाग युरोपातल्या एका चॅनेलला पाठवला आणि, आजवर कधी घडलं नव्हतं ते घडलं, चॅनेलनं उलट विचारलं, "पुरी कधी होईल?"

मग उम्म सालेहचं विसरणं वाढलं. आधी नातवंडांची नावं गेली. मग अरबी जायला लागली. अरबीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपायचं आणि पुढे पुढे ते मराठीतच सुरू व्हायला लागलं. साठ-सत्तर वर्षं ज्या भाषेत संसार केला ती कुणी आतून उचलून नेत होतं. त्याबरोबर तो संसारही जात होता. "हा घर कोनाचा?" ती विचारायची. "मना घरी ने गो. आया वाट बघते."

हे मी सालेहला सांगायची, जसंच्या तसं. तो मान खाली घालायचा, पण ऐकायचा. बाईंचा कॅमेरा चालू असायचा.

त्या दिवशी असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाल्यावर सालेह आत आला आणि रोजच्यासारखा आईच्या कपाळाचं चुंबन घ्यायला वाकला. ती मागे सरली. उशीला पाठ टेकेपर्यंत सरली. मग बाईंकडे वळून, पाहुण्यासमोर बोलावं तसं हळू आवाजात म्हणाली, "ह्यो पुरुष कोन गो? रोज येतो. मना भीती वाटते. त्याला जायला सांग. परत येऊ नको म्हनावं."

सालेह हसतमुखानं माझ्याकडे वळला. "काय म्हणतेय?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही. कारण माझ्याआधी बाई बोलल्या. बाईंचं अरबी भाजी घेण्यापुरतं. अडखळत त्या म्हणाल्या, "तगूल... कुल. कुल, या वलदी." ती म्हणते, खा. खा, माझ्या बाळा.

सालेहचे डोळे भरून आले. त्यानं ताटलीतला खजूर उचलला आणि आईसमोर बसून खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. ती भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होती आणि तिचे हात चादर गच्च धरून होते. कॅमेऱ्यात तेवढेच हात येत होते.

गाडीत बसल्यावर बाईंनी कॅमेऱ्याची बॅटरी काढून शर्टाच्या खिशात टाकली. किंग फहद रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. मी विचारलं, "बाई, ते काढून टाकायचं का?"

"काढून कसं टाकणार? ते घडलंय."

मग त्यांनी धोबीघाटाच्या फिल्ममधलं सांगितलं, जे आधी कधीच सांगितलं नव्हतं. एक धोबीण कॅमेऱ्यासमोर म्हणाली होती की धाकटा मुलगा तिला नकोच होता, औषध घेतलं तरी राहिला. फिल्म त्याच वस्तीत पडदा लावून दाखवली. तो मुलगा पुढे सतरंजीवर बसला होता. "मला कुणीतरी म्हणालं, हे वाक्य काढायला हवं होतं. मी म्हटलं, खरं माणसाला सोसतं. भाषण दिलं मी. तो उठून गेला तेव्हा मी कॅमेऱ्याची वायर गुंडाळत होते."

"पुढे?"

"पुढे काय? मी कधी विचारलं नाही."

आमची खरी शिक्षा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. आईला आपण खाल्लेलं आवडतं असा सालेहचा समज झाला. तो रोज तिच्यासमोर बसून खायला लागला. पूर्वी येऊन कपाळाला ओठ टेकवून जायचा, आता ताटली घेऊन अर्धा तास बसायचा. आणि ती बिचारी तो परका पुरुष जेवण संपवून कधी जातो याची वाट बघत अंग चोरून बसायची.

बाईंनी हे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मी त्याला वाचवलं आणि तिला भीतीच्या तोंडी दिलं."

सालेहला सगळं सांगून टाकावं म्हणून एकदा त्या मला घेऊन त्याच्या दारापर्यंत गेल्या. तो आतून हसत बाहेर आला, हातात मकलुबाचं, मटण घालून केलेल्या भाताचं, पातेलं. "आज आईच्या पद्धतीनं केलाय, तिच्यासमोर बसून जेवणार." बाईंनी पातेल्याचा एक कान धरला आणि त्याच्याबरोबर आत गेल्या.

त्या दिवसापासून कॅमेरा घरी राहिला. बाई मात्र रोज दुपारी तिथे जायच्या. मेट्रोनं जायच्या, पुढे चालत, त्या उन्हात. पलंगावर मायलेकांच्या मध्ये बसायच्या आणि सालेह जेवेपर्यंत उम्म सालेहचा हात आपल्या हातात ठेवायच्या. ती पुटपुटायची, "गेला का गो?" बाई म्हणायच्या, "जातोय हं. जातोय." सालेहला वाटायचं, बाई आईला समजावतायत.

मी ऑफिसात एडिटिंगच्या मशीनवर बसून त्या दृश्याशिवायची फिल्म जुळवली. छान झाली होती. कैऱ्या, मेंदी, मुंबईतलं घर. बाईंनी ती पुरी पाहिली आणि म्हणाल्या, "डेअरीची फिल्म झाली. वासरू कुठेय?"

"मग ते दृश्य ठेवू आणि खाली भाषांतर वेगळं लिहू. खा बाळा, असं."

"तोंडानं केलं ते केलं. लेखी करणार नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "खरं लिहिलं की तो वाचणार. त्याची मुलं वाचणार. आणि तो एक प्रसंग नाही, अगं. विसरायला लागल्यापासूनचं तिचं सगळं बोलणं हेच आहे. हे घर माझं नाही, हा माझा कुणी नाही. ते टाकलं तर फिल्म खोटी, ठेवलं तर..."  त्यांनी लोकरीची पिशवी उचलली, डिस्क आत घातली आणि नाडी बांधली.

चॅनेलचे ईमेल काही महिने येत राहिले. मग थांबले. आमच्या कंपनीत लोक म्हणायला लागले, या बाईंकडून काहीच पुरं होत नाही. बाईंच्या कानावर ते यायचं. त्या आवळासुपारी तोंडात टाकायच्या. त्यांच्या बोलण्यातला फिल्म हा शब्दच गेला. जेवणावळीत कुणी विचारलं की "घरीच असते" म्हणायला लागल्या. आधीचं ते "तुम्ही न पाहिलेली" मला इतकं हवंहवंसं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

उम्म सालेह वारली तेव्हा उन्हाळा होता. शेवटच्या दिवसांत ती कुठल्याच भाषेत बोलत नव्हती. आम्ही दुखवट्याला गेलो. बायकांच्या बाजूला कडू कॉफी फिरत होती. निघताना सालेह बाहेरच्या व्हरांड्यात भेटला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बाईंच्या समोर येऊन, छातीवर हात ठेवून बोलला आणि मी सांगत गेले.

"तो म्हणतो, लोक म्हणतात शेवटी आईला काही कळत नव्हतं. पण मी जेवलो की नाही एवढं तिला कळत होतं. तो म्हणतो, बाकी सगळं गेलं, मला वाढवलं ती सगळी वर्षं, माझं नाव, तरी ते राहिलं. तो म्हणतो, तुम्ही त्या दिवशी ते ऐकलंत आणि मला सांगितलंत म्हणून मला ते मिळालं. नाहीतर कसं कळलं असतं."

बाई ऐकत उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. मग पायऱ्या उतरून त्या आपल्या चपला शोधायला लागल्या.

त्याच वर्षी डॉक्टरांचं कंत्राट संपलं. वय झालेलं, पुढे वाढवलं नाही. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, कायमचं परत जाण्याचा, शिक्का बसला आणि दोघं मिरजेला गेली. सामान बांधायला मी होते. कॅमेरा आमच्या कंपनीतल्या एका नव्या मुलीला देऊन टाकला. तिला काही शिकवलं नाही, नियम सांगितले नाहीत. नुसतं म्हणाल्या, "जपून ने."

डॉक्टर फोनवर सांगतात, बाई सकाळी उठतात, स्वयंपाक करतात, गॅलरीत बसतात. शेजारच्या शाळेनं मुलांना फिल्मबद्दल काही सांगायला बोलावलं होतं, गेल्या नाहीत. मिरजेत तो धोबीघाट अजून आहे. एकदा त्या तिथे जाऊन आल्या. त्या मुलाची चौकशी केली तर तो कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं. त्याची आई आधीच गेलेली होती.

मागच्या महिन्यात सालेहचा मला फोन आला. त्याची मुलगी आता कॉलेजात आहे आणि तिला आजीचा आवाज ऐकायचा आहे. "ती फिल्म कुठे आहे? इतके दिवस मी विचारलं नाही. शोक होता. आता द्या."

मी बाईंना फोन लावला. त्यांनी सालेहचं मागणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांग, बिघडली. सांग, बाईंना ती करता आली नाही."

"बाई, कैऱ्यांचा तेवढा भाग तरी..."

"तेवढ्यावर तो थांबेल? पुढचं कुठेय विचारेल. जसंच्या तसं सांग मी म्हणते ते. बाईंना जमलं नाही."

मी सालेहला तसं सांगितलं.  त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळुवारपणे म्हणाला, "माझ्याकडून त्यांना सलाम सांग. म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. फार चांगली बाई. आईचा हात धरून बसायची. पण हे काम काही तिचं नव्हतं, नाही का?"

त्यानं पुन्हा विचारलं, "नाही का?"

मी म्हटलं, "खरं आहे."